नावाची जागा

"मान पुढे घ्या, मास्तर. अजून पुढे. अहो, घाबरता कशाला, चावत नाही तो कर्णा!"

असं म्हणत तबकड्या विकणाऱ्या शुक्री दब्बासने मास्तरांच्या मानेवर पंजा ठेवला आणि त्यांचं डोकं त्या पत्र्याच्या कर्ण्यात जवळजवळ कोंबलंच. आतून गंजाचा आणि परक्या माणसांच्या श्वासाचा वास आला. मित्री खर्फान मास्तरांनी चर्चमध्ये तीस वर्षं गळा चालवला होता, पण भांड्यात तोंड घालून कधी गायले नव्हते. छातीवर क्रूसाची खूण करायला हात वर करावा तर कोपर कर्ण्यावर आपटत होतं. त्यांनी ती मनातल्या मनात केली.

खोलीच्या खिडक्या गच्च बंद होत्या. ज्या मेणाच्या चकतीवर आवाज कोरला जायचा, ती चकती उबेत मऊ राहावी म्हणून सप्टेंबरच्या उकाड्यातही कोपऱ्यात शेगडी पेटवलेली. मागे तीन पावलांवर, एका उलट्या खोक्यावर, नख्ले खाटीक उभा होता. रविवारी चर्चमध्ये मास्तर गात, तेव्हा खालचा एकच सूर धरून ठेवायचं काम नख्लेचं. अख्खा बोकड डोळ्यांची पापणी न हलवता सोलणारा तो आडदांड गडी, पण आज त्याचं असं काही धाबं दणाणलं होतं की खोकं करकरत होतं.

पहिली चकती शुक्रीनेच फुकट घालवली. मास्तरांनी पहिली ओळ अशी काही उचलली, की पठ्ठ्याला राहवलं नाही. "हाय रे देवा! जीव घेतलात, मास्तर!" असा भसाड्या आवाजात ओरडला, जसं दिवाणखान्यात गाणं ऐकताना आपली माणसं ओरडतात. गाणाऱ्याला दाद दिली नाही तर तो गाणार कुणासाठी? पण यंत्र सांभाळणाऱ्या तांबड्या मिशांच्या अमेरिकनाला हे कोण समजावणार. त्याने सुई उचलली, चकती बाजूला फेकली आणि शुक्रीचं बखोट धरून त्याला दाराबाहेर काढायला निघाला.

"मास्तर, लक्षात आहे ना?" शुक्री जाता जाता म्हणाला. "नावाची जागा मोकळी सोडायची!"

"आहे, आहे."

"कुणाचं नाव घातलंत तर ती तबकडी त्या एकाच घरची होईल. मोकळी सोडा. ज्याचं त्याने भरावं."

दार लागलं. आता खोलीत तिघंच उरले, आणि त्यातल्या एकाला त्यांच्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं. तांबड्या मिशीवाल्याने बोट उंचावलं, खाली आणलं. नख्लेने सूर धरला. मास्तर गाऊ लागले.

मृतांसाठी म्हणायची प्रार्थना होती ती, मायदेशी डोंगरातल्या त्यांच्या ऐनतूत गावातली, त्यांच्या आजोबांच्या तोंडून त्यांनी उचललेली. 'प्रभू, तुझ्या दाराशी उभं आहे तुझं लेकरू,' इथवर सूर हळूहळू वर चढत जायचा आणि पायरीवर थांबल्यासारखा थांबायचा. तिथे नाव. मग, 'त्याला आत घे.' ऐंशी वर्षांचा म्हातारा गेलेला असो, त्या प्रार्थनेत तो लेकरूच. तीस वर्षांत मास्तरांनी त्या जागी किती नावं घेतली असतील, त्याची मोजदाद नाही. ती जागा मोकळी मात्र एकदाही सोडली नव्हती.

सूर चढला. लेकरू म्हणून झालं. मास्तरांनी डोळे मिटले.

त्यानंतर त्यांना आठवली ती एकदम शेवटची ओळ. तांबड्या मिशीवाल्याने हात वर केला, सुई उचलली आणि पहिल्यांदाच हसून मान डोलावली. मास्तरांच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती आणि गाल ओले होते. मधलं काहीच त्यांना आठवेना. पायरीवर थांबलो, तेव्हा मी काय केलं?

"ऐकवता येईल?" त्यांनी शुक्रीला आत बोलावून विचारायला लावलं.

"नाही म्हणतो. मेणावर सुई फिरवली की मेण गेलं. कारखान्यात जाईल, साचा होईल, मग तबकडी. पाच आठवडे." शुक्रीने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "अहो, दाराबाहेर उभं राहूनसुद्धा अंगावर काटा आला माझ्या! काय गायलात!"

"शब्द ऐकू आले बाहेर?"

"शब्द कुठले! ते दार बघा केवढं जाड. नुसता आवाज. पुरे की!"

परतताना रस्त्याच्या डोक्यावरून, उंच रुळांवरून धावणाऱ्या गाडीत नख्ले शेजारी बसला. मास्तरांनी खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं,

"काय रे, मी कुणाचं नाव घेतलं का मधे?"

"कुठे मधे?"

"नावाच्या जागी."

नख्ले विचारात पडला. "खरं सांगू, मास्तर? मला माझं काळीज सोडून काही ऐकूच आलं नाही. धडधड, धडधड. मी म्हटलं, नख्ले, सूर सोडू नकोस, बाकी खड्ड्यात जाऊ दे." मग जरा काळजीने, "का हो? सूर हलला का माझा?"

"नाही रे बाबा. छान धरलास."

मास्तरांचा जीव टांगणीला लागला तो तेव्हापासून.

त्याला कारण होतं. अमेरिकेत आल्यावर त्यांची माणसं जिथे वसली, त्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर ज्या बायकांना वाचता येत नसे, त्यांची पत्रं मास्तर वाचून दाखवत. लढाईची चार वर्षं पत्रंच नव्हती. मागे राहिलेल्या डोंगरातल्या गावांतून बातम्या यायच्या त्या वाऱ्यावर. टोळधाड आली, धान्य संपलं, माणसं रस्त्यात पडून मरतात. मग लढाई संपली, टपाल सुरू झालं, आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मास्तरांच्या घरीही पत्र आलं. त्यांची सून अफीफा किमोनोच्या कारखान्यातून धावतच जिना चढून आली होती. अंगावर रेशमाचे धागे तसेच चिकटलेले.

"वाचा ना, मामंजी. लवकर वाचा."

सहा वर्षांपूर्वी बेरूतच्या धक्क्यावर बोटीच्या डॉक्टरने अफीफाच्या मुलाच्या, तन्नूसच्या, पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि खुपऱ्या आहेत म्हणून पोराला चढू दिलं नाही. चार वर्षांचा होता. वर्षभर औषध घालू, डोळे निवळले की बोलावून घेऊ, असं म्हणून अफीफाने त्याला आपल्या आईच्या हातात दिलं. मग लढाई लागली. तेव्हापासून ती दर वर्षी अंदाजाने त्याची एक विजार शिवायची, आदल्या वर्षीपेक्षा चार बोटं लांब, आणि पेटीत ठेवायची.

पत्र गावच्या पाद्रीने लिहिलं होतं, म्हातारीच्या सांगण्यावरून. तिसऱ्याच ओळीत होतं. तन्नूस तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, भुकेने गेला. म्हातारीने आपला वाटा त्याला दिला होता, तरी ती उरली आणि तो गेला. शेवटी लिहिलं होतं, ती विचारते आहे, तिला माफ कराल का.

मास्तरांनी मान वर केली. समोर अफीफा दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. तोंड उघडून आता वाचणार, तर ओठांतून निघालं ते भलतंच.

"सगळे खुशाल आहेत. तन्नूस... तन्नूस चांगला उंच झालाय. डोळे निवळले. दारातल्या अंजिरावर चढतो, ऐकत नाही कुणाचं."

अफीफा जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. आनंदाने. ते रडणं मास्तरांनी उभ्या उभ्या पाहिलं. उद्या सांगू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. उद्या उजाडला, पण पवित्र आठवडा चालू होता. मग ईस्टर, भरल्या सणाला कसं सांगायचं? मग उन्हाळा. मुलगा नायफ, अफीफाचा नवरा, विकायच्या मालाची पेटी खांद्यावर टाकून ओहायोच्या खेड्यापाड्यांत फेरी करत होता, त्याला कळवावं तर तो चेहऱ्यावर लिहूनच घरी आला असता.

आणि वर आणखी एक पीडा. अफीफाला ते पत्र रोज ऐकायचं होतं.

रोज रात्रीचं जेवण झालं, ताटं उचलली, की ती एप्रन झटकून समोर बसायची. मास्तर पत्र उघडायचे, खऱ्या ओळींवर नजर ठेवायचे आणि खोटं वाचायचे. प्रार्थनेतला एक स्वर इकडचा तिकडे न होऊ देणारा माणूस, पण स्वतःची थाप काही पाठ ठेवता येईना. एकदा तुतीच्या झाडावर चढवलं पोराला.

"काल अंजीर होतं," अफीफा म्हणाली.

"दोन्ही झाडं आहेत की दारात! पोर काय एकाच झाडावर बसेल?"

"हो, तेही खरंच." ती हसली होती.

पुढे एकदा डोळे निवळल्याची ओळ ते विसरलेच. आणखी एकदा पाद्रीचा नमस्कार दोनदा सांगितला. मग मे महिन्यात कधीतरी तिने पत्र मागून घेतलं, मेरीमातेच्या तसबिरीमागे ठेवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं नाही. मास्तरांना हायसं वाटलं. सुटलो, असंच वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

गल्लीतल्या प्रत्येक घरच्या मेलेल्यांसाठी ते गात होते. आपल्या नातवासाठी मात्र एक ओळ म्हटली नव्हती. घरात मृताच्या नावाने शिजवायचे प्रार्थनेचे गहू शिजले नव्हते, मेणबत्ती लागली नव्हती. नाव ओठांशी यायचं, आणि पाच महिने तिथेच अडकून बसलेलं. असा माणूस त्या उबट खोलीत डोळे मिटून त्या पायरीवर थांबला होता. नाव सुटलं नसेल कशावरून?

ते पाच आठवडे कसे गेले, ते मास्तरांनाच ठाऊक. अन्न गोड लागेना. चर्चमध्ये दोनदा त्यांची ओळ चुकली, तशी पाद्रीने भुवई उचलून बघितलं. शुक्रीच्या दुकानात ते रोज काही ना काही निमित्त काढून डोकवायचे. कधी काडेपेटी, कधी नुसतंच.

"आली नाही हो अजून," शुक्री त्यांना बघताच म्हणायचा. "तुमची तर नव्या नवऱ्यासारखी गत झालीय!"

"आली की आधी मला एकट्याला ऐकव. मला वचन दे."

"दिलं. तुमच्याआधी ऐकणारा मी कोण?"

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अफीफाने पेटीतली सगळ्यांत नवी विजार काढली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईच्या मुलाला देऊन टाकली.

"अगं, का दिलीस?" मास्तरांनी विचारलं.

"त्याला थंडी वाजत होती." ती बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जेवत नाही हल्ली, मामंजी. काय होतंय?"

"कुठे काय. पोट जड आहे."

तिने मान हलवली आणि त्यांच्या पेल्यात पुदिन्याचा चहा ओतला.

मग तो रविवार. चर्च सुटलं आणि पायऱ्यांवरच शुक्री दोन्ही हात हलवत धावत आला.

"आली! काल संध्याकाळी आली! चला, चला सगळे!"

"शुक्री," मास्तर त्याचा हात धरून म्हणाले, "वचन दिलं होतंस."

"अहो, वचन म्हणजे काय, तुमच्याशिवाय लावली नाहीये ना अजून? एकट्याने ऐकायची चीज आहे का ती? माझी आई त्या डोंगरात गेली, मास्तर. मला माणसांत बसून ऐकायचीय." एवढं बोलून त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढली. मास्तरांचा हात आपसूक सुटला.

दुकान रविवारचं बंद असायचं, म्हणून त्याने अर्धंच दार उघडलं. नख्ले होता, त्याची बायको होती, बेकरीवाली हन्ने होती, आणखी पाचसहा जण. सगळे तबकड्यांच्या मांडणीला आणि भिंतीवर टांगलेल्या वाद्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून उभे. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. अफीफाही आली होती. काळा रुमाल डोक्यावर घट्ट बांधून ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"तू घरी जा, पोरी. चूल थंड पडली असेल."

"पडू दे."

शुक्रीने कागदी पाकिटातून तबकडी काढली आणि मोठ्या मानाने मास्तरांच्या हातात ठेवली. "धरा. तुमचं बाळ आहे."

काळी कुळकुळीत, अपेक्षेपेक्षा जड. मास्तरांना ठाऊक होतं, ही चीज काचेसारखी फुटते. हात जरा ढिले सोडले की काम झालं. म्हातारा माणूस, हात थरथरले, कोण काय म्हणेल? शुक्री चार दिवस कपाळ बडवील. दुसरी येईल, तोवर सांगता येईल तिला. आज रात्रीच सांगता येईल, नीट, घरात, दार लावून. त्यांची बोटं ढिली होऊ लागली.

"द्या इकडे, पडेल," अफीफा म्हणाली. तिने दोन्ही हातांनी तबकडी अलगद काढून घेतली आणि शुक्रीला दिली.

शुक्रीने ग्रामोफोनची किल्ली फिरवली. सुई काठावर ठेवली. आधी तळणीत कांदा पडल्यासारखी चरचर झाली. मग नख्लेचा सूर आला, आणि नख्लेच्या बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं जसं त्याला आजच ओळखलं. मग मास्तर स्वतःचा आवाज ऐकू लागले. तो कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटत होता, लहान, दूरचा, डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून येणारा. कुणी दाद दिली नाही. शुक्रीने तर तोंडावर हात दाबून धरला होता.

सूर चढू लागला. त्यांनी मांडणीची कड पकडली. प्रभू, तुझ्या दाराशी. आता. उभं आहे. आता येईल. तुझं लेकरू.

आणि काहीच आलं नाही.

नख्लेचा खालचा सूर तेवढा चालू राहिला. एक श्वास, दोन श्वास, तीन. जागा मोकळी होती. मास्तरांनी नाव घेतलं नव्हतं. त्या खोलीत डोळे मिटून ते नुसते उभे राहिले होते, एवढंच. वाचलो, देवा. वाचलो.

"मरियम," शुक्री पुटपुटला. त्याची आई.

हन्ने बेकरीवालीने एका दमात तीन नावं घेतली. नख्ले भावाचं नाव म्हणाला. कोपऱ्यात कुणीतरी बोललं, ते कुणाला ऐकू आलं नाही. जो तो आपापल्या पायापुढच्या फरशीकडे बघत होता.

"तन्नूस," अफीफा म्हणाली.

ती रडली नाही, आवाज चढवला नाही. जेवायला बोलवावं, तसं म्हणाली.

'त्याला आत घे,' तबकडीतले मास्तर गाऊ लागले. दुकानातले मास्तर मांडणीची कड धरून तिच्याकडे बघत राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर फिरणाऱ्या तबकडीवर होती आणि प्रार्थना संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. सुई मधल्या कागदापाशी जाऊन घासू लागली, तेव्हा शुक्रीने बाहीने नाक पुसून ती उचलली.

"कधी कळलं तुला?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही त्याला तुतीवर चढवलंत तेव्हा शंका आली. मग कारखान्यातल्या एका पोरीकडून वाचून घेतलं." तिने रुमालाची गाठ सारखी केली. "तुमच्या घशातून घास उतरत नव्हता. म्हटलं, मामंजी आपणहून सांगतील."

तिने त्यांच्या कोटाची बाही धरली, गर्दीत म्हाताऱ्या माणसाला धरावी तशी, आणि शुक्रीकडे वळली.

"पुन्हा लावा, शुक्रीभाऊ." मग मास्तरांना, खालच्या आवाजात, "या खेपेला तुम्हीही म्हणा, मामंजी. मी एकटीने किती दिवस म्हणू?"

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. शुक्री किल्ली फिरवू लागला.